बाडी कोटे?

फॉर्ममध्ये चूक अशी काहीच नव्हती. मुलीचं नाव, जन्मतारीख, शाळेचा दाखला, वडिलांचं नाव, वडिलांच्या मतदार ओळखपत्राची झेरॉक्स, सगळं एकमेकांशी नीट जुळत होतं. २०१४ चा जुलै महिना. मेखलीगंजच्या आमच्या बँकेच्या शाखेत ‘कन्याश्री’च्या खात्यांसाठी शाळकरी मुलींची रांग लागलेली. अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न न करता शिकत राहणाऱ्या मुलीला पश्चिम बंगाल सरकार एकरकमी २५ हजार रुपये देतं आणि ते तिच्याच नावच्या खात्यात जमा होतात, म्हणून आधी खातं. ही मुलगी निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीत, तेल चोपडून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, हातात पावसापासून वाचवायला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. मी सवयीने विचारलं, “बाबार नाम?” तिने शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं नाव पाढ्यासारखं म्हणून दाखवलं. तेवढ्यात तिच्या हातून पेन खाली पडलं आणि घरंगळत दारापर्यंत गेलं. दारात एक माणूस भिजलेली काळी छत्री बाहेर धरून उभा होता. त्याने वाकून पेन उचललं, लुंगीला पुसलं आणि म्हणाला, “मा, तोर कलम.” ती वळली आणि म्हणाली, “दाओ बाबा.”

म्हणाली आणि तिथेच थिजली. मी ऐकलंय हे तिला कळलं, तिला कळलंय हे मला कळलं. शेजारचा, कागदावरचा बाप, पंख्याकडे बघायला लागला. मी शिक्का उचललेला होता. तो पॅडवर परत ठेवला आणि म्हणाले, “आणखी एक पुरावा लागेल. पुढच्या आठवड्यात या.”

ती आली नाही.

मेखलीगंजला मी बढतीवर गेले होते. बढती हवी तर बदली घ्या, आणि बदली म्हणजे नकाशात उत्तर बंगालच्या त्या निमुळत्या गळ्यापाशी बोट ठेवून शोधावं लागणारं गाव. कुडाळहून मुंबई एक रात्र, मुंबईहून हावडा दीड दिवस, तिथून पुन्हा एक रात्र न्यू जलपायगुडीपर्यंत आणि मग मयनागुडीवरून बस. आई फोनवर रोज एकच विचारायची, “थंय जेवक काय गावता गो?” गाव म्हणजे नऊ वॉर्डांची नगरपालिका. २०११ च्या जनगणनेत जेमतेम नऊ हजारांवर माणसं. महकुम्याचं, म्हणजे उपविभागाचं, ठिकाण म्हणून कोर्ट आणि सरकारी कचेऱ्या, बाकी बाजारातून सायकल दामटली की पाच-सात मिनिटांत दोन्ही बाजूंना भातशेती. पश्चिमेला तिस्ता आणि पूर्वेला-दक्षिणेला कधी जवळ कधी लांब बांगलादेश. नदीपलीकडचं हलदीबाडी आमच्याच महकुम्यातलं, पण मधे पूल नव्हता. तिथल्या माणसाला कोर्टात तारखेला यायचं तर होडी, नाहीतर जलपायगुडीवरून मोठा वळसा. तिस्तेवरचा पावणेतीन किलोमीटरचा जयी सेतू २०२१ मध्ये सुरू झाला, मी तिथून निघाल्यावर.

श्रावणात त्या सगळ्या मुलखाला तागाचा वास येतो. कापलेला ताग तळ्यांत, खड्ड्यांत, रस्त्याकडेच्या चरांत बुडवून कुजत घालतात. पहिल्या वर्षी मला तो वास सहन होईना, खिडक्या लावून बसायचे. दुसऱ्या वर्षी कळलं की तो वास आला म्हणजे लोकांच्या हातात थोड्याच दिवसांत पैसे येणार, खात्यांत भरणा होणार. गुडघाभर काळ्या पाण्यात उभं राहून बायका-पुरुष कुजलेल्या काड्यांवरून सोनेरी धागा सोलून काढतात आणि सोललेल्या पांढऱ्या काड्या रस्त्याच्या कडेने गोलाकार उभ्या करून वाळवतात, लांबून त्या छोट्या खोपटांसारख्या दिसतात. मेखली म्हणजे तागाचं जाडंभरडं कापड, त्यावरूनच मेखलीगंज नाव पडलं, असं गावातले म्हातारे सांगत.

आणि तिथली बोली. बाजारात, बँकेच्या रांगेत लोक जे बोलत ते कलकत्त्याचं बंगाली नव्हतं, राजवंशी होतं. पहिले काही दिवस मी नुसती बघत बसायचे. मग एका म्हातारीने पेन्शन घेताना मला विचारलं, “तोमार बाडी कोटे, मा?” तो ‘कोटे’ कानात शिरला आणि एकदम आमच्या ‘कुठे’पाशी जाऊन बसला. बाडी म्हणजे घर, आपल्या वाडीची ती बहीणच. हलदीबाडी म्हणजे हळदीची वाडी, सिंधुदुर्गात सहज खपून जाईल असं नाव. आमच्याकडे अनोळखी माणूस भेटला की पहिला प्रश्न “गाव खंयचा?” आणि तिथे “बाडी कोटे?” दोन्हींत चौकशी कमी आणि बसायला पाट पुढे सरकवण्याचा भाव जास्त. त्या शब्दाने मला तिथे माणसांत आणलं, हे आजही मानते. आणि म्हणूनच पुढे तो प्रश्न ज्या दिवशी ज्या तोंडून ऐकला, तो विसरता येत नाही.

तो त्याच दिवशीचा, फॉर्म परत केला त्या दुपारचा. जेवणाच्या सुट्टीत आमच्या हेड कॅशियरना मी झालेली गोष्ट सांगितली. वयाने मोठे होते, सगळी शाखा त्यांना नुसतं दादा म्हणायची. डब्यातला भात कालवता कालवता ते म्हणाले, “छिटातली असेल. छिटातल्या मुलांना दोन बाप असतात. एक घरचा, एक शाळेच्या रजिस्टरातला.” मग हात थांबवून विचारलं, “कागद बरोबर होते ना?” मी म्हणाले, होते. त्यावर ते काही बोलले नाहीत. भात मात्र तसाच ठेवून त्यांनी डबा बंद केला.

छिट म्हणजे तुकडा, कापून उरलेलं कापड. बंगालीत छिटमहल. कूचबिहारच्या राजाच्या अमलातले काही तुकडे मोगलांच्या रंगपूरकडच्या मुलखात पडले होते आणि मोगलांचे काही तुकडे राजाच्या मुलखात. १७१३ च्या तहानंतरही ते तसेच राहिले. राजा आणि रंगपूरचा फौजदार बुद्धिबळात गावं पणाला लावायचे आणि त्यातून हे झालं, अशी गोष्ट तिकडे शेंबडं पोरही सांगतं. १९४७ मध्ये रंगपूर पाकिस्तानात गेलं. कूचबिहार संस्थान १९४९ च्या सप्टेंबरात भारतात आलं. झालं. भारताच्या आत पाकिस्तानचे, पुढे बांगलादेशचे ५१ तुकडे, आणि तिकडे भारताचे १११. त्यातला दहाला खागडाबाडी नावाचा एक तर तागाच्या शेताएवढा, भारताचा, पण बांगलादेशच्या तुकड्यात, तो तुकडा भारताच्या तुकड्यात आणि तो बांगलादेशात.

एकदा दादांनीच मला सांगितलं, “आमची राजमाता तुमच्याकडची होती.” मला माहीत नव्हतं. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची मुलगी इंदिराराजे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेलं लग्न तिने स्वतः मोडलं आणि १९१३ मध्ये कूचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी लग्न केलं. नवरा गेल्यावर लहान मुलाच्या वतीने तिनेच राज्य चालवलं. संस्थान भारतात विलीन करणारा तो हाच मुलगा, जगद्दीपेंद्र नारायण. म्हणजे ज्या राजाच्या सहीने या तुकड्यांचं कोडं दोन देशांच्या मधे येऊन पडलं, त्याच्या आईची भाषा मराठी. मला त्या दिवशी उगाचच नातं लागल्यासारखं वाटलं, आणि थोडं ओझंही.

छिटात राहणं म्हणजे काय, ते मला खातेदारांकडून तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं. विजेची तार छिटावरून पलीकडच्या भारतीय गावात जायची, पण छिटात खांबावरून खाली उतरायची नाही. शाळा नाही, दवाखाना नाही, चोरी झाली तर जायला ठाणं नाही. पोलिस आत जायचे नाहीत कारण तो दुसरा देश, आणि आतला माणूस बाहेर पडला की तो घुसखोर. बाजार, डॉक्टर, नातेवाईक सगळे भारतात. मग शेजारच्या गावातल्या कुणा भल्या माणसाच्या नावावर मूल शाळेत घालायचं. बाळंतपणाला नेलेली बाई नवऱ्याच्या जागी दुसऱ्याचं नाव सांगायची. जमिनीची मूळ नोंद रंगपूरच्या कचेरीत, तिथे जायचं तर पासपोर्ट हवा, पासपोर्टला पत्ता हवा. सातबाऱ्यावर आजीचं नाव बघून निर्धास्त असणाऱ्या घरातली मी. आमच्या परसातल्या फणसावरून चुलत्यांशी चाललेला वाद तीस वर्षं जुना आहे, पण तो फणस कुठल्या देशात आहे याबद्दल कुणाला कधी शंका आलेली नाही.

त्या दुपारी पाऊस उघडला होता. बँकेसमोरच्या चहाच्या टपरीवर तो माणूस उकिडवा बसलेला, छत्री मिटून शेजारी उभी केलेली. मुलगी सायकलला टेकून उभी. कागदावरचा बाप कुठे दिसला नाही, त्याचं काम संपलं होतं. मी चहा सांगितला आणि मान खाली घालून उभी राहिले. तो उठून उभा राहिला. मला वाटलं आता बोलेल, भांडेल, विनवण्या करेल. त्याने विचारलं, “तोमार बाडी कोटे, मा?”

मी म्हणाले, महाराष्ट्र. बॉम्बे? बॉम्बेच्याही पुढे. किती लांब? मी म्हणाले, रेलगाडीने तीन दिवस.

तो थोडा वेळ गप्प राहिला, मनाशी ते अंतर मोजत असावा. “तीन दिन गाडी चले,” तो म्हणाला, “तबू इंडिया?” तरी इंडियाच? मी हो म्हणाले. “आमची बाडी इथून सायकलवर अर्धा तास,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. एखाद्याने आपल्या गावची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. मग गमछाने सायकलचं ओलं कॅरियर पुसलं, मुलीला बसवलं, कागदांची पिशवी तिच्या मांडीवर दिली आणि कुचलीबाडीच्या रस्त्याने दोघं निघून गेले. माझ्या चहाचे पैसे त्याने आधीच दिले होते, हे टपरीवाल्याने मला नंतर सांगितलं.

मी नियमाने वागले का? वागले. संशय आला तर सही करू नये, हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं आणि पुढे मीच ते नव्या मुलांना शिकवलं. पण मी नियमाने पुरतीही वागले नाही. संशय आला होता तर तो लिहून वर कळवायला हवा होता, ते मी केलं नाही. दया आली होती तर शिक्का मारायला हवा होता, तेही केलं नाही. दोन्हींच्या मधे एक सभ्य खोटं बोलले, “आणखी एक पुरावा लागेल.” कुठला पुरावा, ते मलाही माहीत नव्हतं. पुढच्याच महिन्यात जनधन योजना सुरू झाली. प्रत्येक घराचं खातं उघडायचं म्हणून आम्ही रविवारीही शाखा उघडी ठेवली, शाळेच्या पटांगणात टेबलं टाकली. शेकडो फॉर्मांवर माझी सही आहे. प्रत्येक वेळी शिक्का उचलला की दारात काळी छत्री आहे का, हे मी बघत असे.

त्या वर्षी दिवाळीनंतर एका रविवारी मी तीन बिघ्याला गेले. मेखलीगंजहून कुचलीबाडीकडे जाणारा आपला रस्ता तिथे एका चौकात बांगलादेशच्या रस्त्याला छेदतो. १७८ मीटर लांब, ८५ मीटर रुंद अशी ती पट्टी भारताने १९९२ च्या २६ जूनला बांगलादेशला वापरायला दिली, म्हणजे पलीकडे अडकलेल्या दहग्राम-आंगरपोता या बांगलादेशी छिटातल्या लोकांना त्यांच्या देशात जाता यावं. आधी दिवसाचे ठरावीक तास, २०११ पासून चोवीस तास. आपल्या बाजूच्या कुचलीबाडीच्या लोकांनी तेव्हा कडाडून विरोध केला होता, ही पट्टी गेली तर आपणच छिट होऊ ही भीती त्यांना होती. चौकात सीमा सुरक्षा दलाचा जवान हात दाखवून वाहनं सोडतो. दहग्रामकडून सायकलवर कोबीची पोती लादलेला माणूस आला, जवानाने आमची टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, थांबवली, तो गेला, मग आम्ही. खिशातला फोन थरथरला. बांगलादेशच्या नेटवर्कने माझं स्वागत केलं होतं आणि घड्याळ अर्धा तास पुढे सरकलं होतं. मी तिथे उभी राहून ते बघत राहिले. काही पावलं मागे आले, काही वेळाने घड्याळ पुन्हा आपल्या वेळेवर.

परतताना टोटोवाल्याने जवळची वाट धरली. दोन्हीकडे पिकलेलं भात, मधे बांबूची बनं, केळी, गवताने शाकारलेली आणि पत्र्याची घरं, अंगणात सुपाऱ्या वाळत घातलेल्या. एका ठिकाणी बांधावर गुडघ्याएवढा सिमेंटचा खांब दिसला, त्यावर शेण्या थापून वाळत लावलेल्या. पुढे दहाएक मिनिटांनी तसाच आणखी एक. तो गेल्यावर टोटोवाला मागे वळून म्हणाला, “म्याडाम, आत्ता आपण बांगलादेशातून आलो.” मी मागे वळून बघितलं. तेच भात, त्याच सुपाऱ्या. एका अंगणात मुलगी वाकून झाडत होती आणि मला क्षणभर ती तीच वाटली. नव्हती बहुतेक. मी टोटो थांबवायला सांगितलं नाही.

मग २०१५ उजाडलं. मे महिन्यात संसदेत शंभरावी घटनादुरुस्ती झाली. १९७४ मध्ये इंदिरा गांधी आणि शेख मुजीब यांनी केलेला करार अखेर अंमलात येणार होता. ३१ जुलैच्या मध्यरात्री ५१ छिटं भारताची झाली, १११ बांगलादेशची. इकडच्या छिटांत १४,२१५ माणसं होती, २०११ च्या मोजणीनुसार. तिकडच्यांपैकी हजारभरांनी नावं देऊन नोव्हेंबरात भारतात येणं पसंत केलं, त्यांच्यासाठी हलदीबाडीला, मेखलीगंजला, दिनहाट्याला पत्र्याच्या खोल्यांच्या छावण्या उभ्या राहिल्या. त्या रात्री दिनहाट्याकडच्या मशालडांग्यात ६८ वर्षांच्या ६८ मेणबत्त्या लावल्या, हे मी दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं. मी भाड्याच्या खोलीत जागीच होते. बाराच्या सुमाराला कुचलीबाडीच्या दिशेने फटाके ऐकू आले, ढोल, मग पावसाची सर आणि सर ओसरल्यावर पुन्हा ढोल. मी गॅलरीत उभी राहून ऐकत होते. आनंद होताच. आणि आत कुठेतरी ती जन्मतारीख मोजणं चालू होतं. फॉर्म इतक्यांदा वाचला होता की तारीख पाठ झाली होती. त्या रात्री ती मुलगी अठरा वर्षं दोन महिन्यांची होती.

तो पुन्हा आला २०१६ च्या एप्रिलात. ५ मेला छिटातली माणसं पहिल्यांदा मत देणार होती, गावात त्याचीच चर्चा. ऊन कडक होतं तरी हातात तीच छत्री. या वेळी तो दारात उभा राहिला नाही. सरळ टेबलासमोर आला, बरोबर धाकटी मुलगी, तेरा-चौदा वर्षांची. खिशातून प्लॅस्टिकचं नवं कोरं मतदार ओळखपत्र काढून त्याने माझ्यासमोर ठेवलं, फोटोवर बोट ठेवलं आणि मग ते बोट स्वतःच्या छातीवर. मी त्याला ओळखलं. त्याने मला ओळखलं की नाही, मी विचारलं नाही. विचारलं ते मोठीबद्दल. “बिये होये गेछे,” तो म्हणाला. लग्न झालं. कधी? गेल्याच्या गेल्या फाल्गुनात, मयनागुडीकडे दिली, माणसं बरी आहेत. फाल्गुनात म्हणजे ती अठराची व्हायला तीन महिने होते.

पंचवीस हजारांच्या आशेने त्याने तीन महिने थांबवलं असतं का, मला माहीत नाही. कदाचित नसतंही. पण थांबवायला काही कारण त्याच्या हातात असू शकलं असतं आणि ते माझ्या टेबलावरून परत गेलं होतं. हे मी कुणालाच सांगितलं नाही, दादांनासुद्धा नाही.

धाकटीचा फॉर्म मीच भरायला घेतला. खरं तर ते माझं काम नव्हतं, बाहेर फॉर्म भरून देणारा मुलगा बसायचा. नाव, जन्मतारीख, शाळा. “बाबार नाम?” विचारलं तर तिने आधी वर बापाकडे बघितलं, मग हसली, मग सांगितलं. पत्त्याच्या रकान्यात मी गावाच्या नावाआधी ‘साबेक छिट’ असं लिहिलं. साबेक म्हणजे पूर्वीचं. त्या वर्षी सगळ्या कागदांवर तसंच लिहून येत होतं, हात बसला होता. तो वाकून बघत होता. बंगाली अक्षरं त्याला सावकाश वाचता यायची. त्याने त्या शब्दांवर बोट ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाला, “ओटा काटेन, मा.”

मी दोन्ही शब्दांवर रेघ मारली. फॉर्ममध्ये खाडाखोड झाली की शेजारी सही लागते, मुलगी लहान म्हणून पालकाची. मी त्याला पेन दिलं. त्याने हात गमछाला पुसला, खुर्ची असून उभ्यानेच टेबलावर वाकला आणि रेघ मारलेल्या शब्दांशेजारी एक एक अक्षर सुटं सुटं लिहिलं. मग पेन उचलून सुरुवातीला नेलं आणि सगळ्या अक्षरांवरून एक लांब, थोडी वर जाणारी शिरोरेघ ओढली. मी शिक्का हातात घेतला. शाई अजून ओली होती, म्हणून थोडी थांबले.